साप कोणी मारला

माझ्या नवऱ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याला ते हवंच असेल त्याने वाशिमच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहावं. ओळखीची दोन माणसं समोरासमोर आली की जे नाव दोनदा म्हणतात, तेच ते. चैत्रातल्या नवमीला भर दुपारी ज्याला पाळण्यात घालतात आणि मग सुंठवडा वाटतात, त्याचं नाव. इतकं सरसकट, की मळ्यात उभं राहून हाक मारली असती तर चार वाफ्यांतून चार जणांनी ओ दिली असती. आणि मला मात्र ते घ्यायची चोरी.

बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत तेव्हा घरोघरी होती, पण आमच्या घरात ती जरा जास्तच होती. त्याला कारण होतं. ह्यांच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या दोघांची नावं हौसेने ठेवली होती आणि येणारा-जाणारा त्यांना नावाने हाका मारायचा. तिसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं, नाव ठेवायचं पण घ्यायचं नाही. देवाचं नाव आहे, देवाजवळच राहू दे. त्यामुळे घरात आई 'बाबू' म्हणायची, बापही 'बाबू' म्हणायचा, आणि ते नाव फक्त शाळेच्या हजेरीत आणि पुढे कचेरीत वापरलं गेलं. मी सून म्हणून घरात आले तेव्हा आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला चुलीजवळ बसवून सांगितलं, "नाव घेतल्यानं आयुष्य कमी होते. उखान्यात घ्याचं तं घे. तिथं ते गुंडाळलेलं असते, तेवढं चालते. पन उघडं नाही घ्याचं."

त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावर मला हसायचा धीर झाला नाही. मी मान डोलावली आणि पाळलंही. सीताफळ मी तोंडभरून म्हणायची, पण त्याच्या जोडीच्या फळाला 'ते लालसर फळ' म्हणून वेळ मारून न्यायची. नवऱ्याच्या नावाचं फळ विकायला बसायचं आणि नाव न घेता विकायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला कोडी घालत बसण्याचाच धंदा. रस्त्यात कोणी ते दोनदा म्हणून नमस्कार केला तर मी नुसते हात जोडायची. त्यावरून कारंज्याची पोरगी शिष्ट आहे असं पसरलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

कारंज्याला माझ्या वडिलांचा मळा होता. आईबरोबर डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मी बाजारात जायची तेव्हा वाटेत इंग्रजी शाळा लागायची. खिडकीतून पोरांचा एका सुरातला आवाज यायचा: आय गो, वुई गो, यू गो. अर्थ कळायचा नाही, पण पाटी तोलत चालायला तो ठेका बरा पडायचा. मराठी चौथी मी पहिल्या नंबराने पास झाले. पुढची शाळा इंग्रजी, आणि तिथे एखाद्या वकिलाची नाहीतर डॉक्टरची मुलगी बसली तर बसली. वांगी विकणाऱ्याच्या पोरीला तिथे कोण बोलावतो! मला त्याचा राग यायचा. आई म्हणायची, "तुले भाजी मोजता येते, पैसे मोजता येते, आनखीन काय पायजे?" मला काय पाहिजे होतं ते मला सांगता यायचं नाही. खिडकीच्या आत काय चाललंय ते कळायला पाहिजे होतं, एवढंच.

मग लग्न झालं. हे मॅट्रिक झालेले, वाशिमच्या कचेरीत कारकून. घरचा मळा गावाला लागूनच, तो मामाजी बघायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. पहिल्या दिवाळीला ह्यांनी विचारलं, काय पाहिजे सांग. बिचारा माणूस लुगड्याच्या तयारीने बसला होता.

मी म्हटलं, "मले इंग्रजी शिकाचं हाये. शाळेत जाऊन."

ह्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "लुगडं सस्त पडलं असतं."

पण ते हेडमास्तरांना जाऊन भेटले. हेडमास्तर म्हणाले, पाचवीचं इंग्रजी घरी शिकवून आणा, मी स्वतः तोंडी परीक्षा घेतो, पार्सिंग चोख असेल तर सहावीत बसवतो. दोन मुली आहेत, तिसरी बसेल. आता राहिले मामाजी.

मामाजी कमी बोलणारे. जेवढं बैलांशी बोलत तेवढं माणसांशी कधी बोलले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "वांगे कोन तोडन?"

"मी पहाटे तोडीन," मी दाराआडून म्हटलं.

"लोक हासतीन."

"हासू द्या," हे म्हणाले.

मामाजींनी तंबाखू तोंडात टाकली. "एक डाव. शाळेनं घेतलं तं जाय म्हना. नाही घेतलं तं या घरात पुन्हा इंग्रजीचं नाव नाही काढाचं."

म्हणजे आमच्या घरात न काढायची दोन नावं झाली. मामाजी एकदा म्हणाले की ती काळ्या दगडावरची रेघ, हे मला तोवर कळलं होतं. दुसरी संधी मिळणार नव्हती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. विहिरीजवळ आंब्याचं झाड होतं, त्याखाली रविवारी दुपारी आणि बाकीच्या दिवशी कचेरी सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत आमचा वर्ग भरायचा. मोट चालू असायची, पाटाचं पाणी मिरचीच्या वाफ्यांत वळायचं, आणि हे आपलं शाळेतलं जुनं, पुठ्ठा गेलेलं व्याकरण मांडीवर घेऊन मला पार्सिंग शिकवायचे. पार्सिंग म्हणजे वाक्यातला एकेक शब्द उचलून त्याची जात कोणती, लिंग कोणतं, वचन कोणतं आणि तो ह्या वाक्यात काय काम करतो ते सांगायचं. सोयरीक जमवताना मुलीची चौकशी करतात ना, अगदी तशी. मला ते फार आवडलं. शब्दांना अशी कुळी असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि त्या पुस्तकातलं पहिलंच मोठं वाक्य निघालं: — किल्ड अ स्नेक.

ती सुरुवातीची रेघ माझी आहे. पुस्तकात तिथे ह्यांचं नाव होतं. नुसतं त्या वाक्यात नाही, पुस्तकभर. हे आंबा खात होते, चेंडू मारत होते, नदीत पोहत होते, गुरुजींचं ऐकत होते, खोटं कधी बोलत नव्हते. पुस्तक लिहिणाऱ्याला दुसरं नाव सुचत नसावं.

"वाच," हे म्हणाले.

"ही किल्ड अ स्नेक."

"पुस्तकात 'ही' कुठं हाये?"

"माह्या पुस्तकात हाये."

हे हसले. "बरं, कर्ता सांग."

मी मनात मराठी करून बघितलं. अमक्यानं साप मारला. "कर्ता साप," मी म्हटलं.

"साप मेला ना बापा, तो कसा कर्ता?"

"मेला तरी क्रियापद त्याच्याच मागं चाललं. साप असला तं मारला, नागीन असली तं मारली. मारनारा तोच, पन त्याच्यावरून काहीच बदलत नाही. ज्याच्यावरून बदलते तो कर्ता, तुमीच सांगतलं."

हे पुस्तक मिटून बसले. मॅट्रिक झालेल्या माणसाला मी तासभर गप्प केलं ह्याचा मला आनंद झाला, तो लपवला नाही. शेवटी म्हणाले, "आपल्यात तसं असन. इंग्रजीत जो करते तो कर्ता, क्रियापद त्याच्याच मागं. सापाले कोनी इचारत नाही."

दुसरी चूक त्याहून हट्टी निघाली. मला आंबे आवडतात, ह्या वाक्यात मी आंब्यांना कर्ता करायची. मला आठवतं, ह्यात आठवण कर्ता. मला भूक लागते, ह्यात भूक. आमच्या बोलीत 'मले' आला की माणूस बाजूला बसलेला असतो आणि गोष्टी त्याच्याकडे चालत येतात. भूक येते, झोप येते, राग येतो, हसू येतं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे सगळीकडे 'आय' उभा. आय लाइक, आय रिमेंबर, आय हिअर.

"इंग्रजीत सगळं मानूसच करते," हे म्हणाले.

"भूक बी?"

"भूक बी. आय अ‍ॅम हंग्री. मी भुकेला हाये."

"आन आयकू येनं?"

"ते बी तोच करते. आय हिअर."

मला ते पटलं नाही. कानावर पडलेल्या गोष्टीत माझं काय कर्तृत्व? पण परीक्षा द्यायची होती, म्हणून घोकलं. वांगी तोडताना घोकलं, मेथीच्या जुड्या बांधताना घोकलं. आत्याबाई लांबून बघायच्या आणि म्हणायच्या, "सून भाजीशी बोलून राह्यली." त्यांचा विरोध नव्हता. त्यांना फक्त एक धाकधूक होती, आणि ती त्यांनी एकदाच बोलून दाखवली: "त्या पुस्तकात बाबूचं नाव हाये म्हनते. तू घेत तं नाहीस ना?"

"नाही आत्याबाई."

घेत नव्हतेच. एकदा ह्यांनी फार गळ घातली. "इंग्रजीत म्हन ना. इंग्रजीत म्हनलेलं कोनाले समजते इथं?"

मी म्हटलं, "यमाले समजते. आता राज्य कोनाचं हाये? त्याच्या दरबारात बी इंग्रजी शिकलेला कारकून असनच."

कारकून म्हटल्यावर ह्यांनी मुकाट पुढचं पान उलटलं. शिवाय संध्याकाळ झाली की त्या वाक्यात आणखी एक अडचण व्हायची. दिवे लागल्यावर मळ्यात कोणी सापाचंही नाव घेत नाही, 'जनावर' म्हणतात. म्हणजे अंधार पडता पडता त्या अख्ख्या वाक्यातलं 'किल्ड' एवढंच माझ्या वाट्याला यायचं. हे म्हणायचे, "कर्ता नाही, कर्म नाही, नुसती मारामारी."

मग एक दिवस पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. साप मारला गेला. अ स्नेक वॉज किल्ड. मारणाऱ्याला वाक्याच्या शेवटी 'बाय' लावून बसवायचं, आणि नको असेल तर उठवूनही लावायचं, वाक्याचं काही अडत नाही. हा प्रयोग सासुरवाशिणींसाठीच केलेला असणार. मी सगळं पुस्तक पॅसिव्हमध्ये करून टाकलं. आंबा खाल्ला गेला, चेंडू मारला गेला, गुरुजींचं ऐकलं गेलं. करणारा कुठेच नाही. हे म्हणाले, "तुह्या हातात पुस्तक गेलं की मी सगळीकडून गायब." बोलले हसत, पण त्यांना जरा लागलं असावं असं मला वाटलं. स्वतःच्या घरात ज्याला कधी कोणी नावाने हाक मारली नाही, त्याला ती पुस्तकातून तरी ऐकायची हौस असेल. मी तेव्हा तो विचार पुढे नेला नाही.

परीक्षेचा दिवस बाजाराचा होता. ह्यांना कचेरीतून रजा मिळाली नाही. मामाजी म्हणाले, बैलबंडी बाजारात जातेच आहे, वाटेत शाळा लागते. निघण्याआधी त्यांनी बैलांना विहिरीजवळच्या हौदावर नेलं. बैल पोटभर प्यायले, एवढे की पाणी त्यांच्या तोंडातून ओघळत होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल. भाजीच्या पाट्या उतरवून, गिऱ्हाइकांना आत्याबाईंच्या हवाली करून आम्ही दोघं शाळेत आलो. मामाजींनी बंडी पटांगणातल्या कडुलिंबाखाली सोडली आणि हेडमास्तरांच्या खोलीबाहेर, खिडकीच्या अगदी खाली, ओट्यावर टेकले. पायातलं काढून शेजारी ठेवलं, पटका नीट केला. मी आत गेले. खिडकीतून मला त्यांच्या पटक्याचा वरचा भाग दिसत होता.

हेडमास्तर नागपूरकडचे, बंद गळ्याचा कोट, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. मला अहोजाहो करत होते. आधी अनेकवचनं विचारली, मग काळ. सगळं बरोबर आलं. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचं व्याकरण उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा आणि सोडवा."

बोटाखाली तेच वाक्य होतं. पुस्तक तेच असणार हे मला सुचायला हवं होतं.

मी सोडवायला लागले. "किल्ड, ट्रान्झिटिव्ह व्हर्ब, पास्ट टेन्स. अ, आर्टिकल. स्नेक, कॉमन नाउन, सिंग्युलर, ऑब्जेक्ट ऑफ द व्हर्ब किल्ड."

"आणि पहिला शब्द?"

"प्रॉपर नाउन, मॅस्क्युलिन, सिंग्युलर, सब्जेक्ट ऑफ द व्हर्ब किल्ड."

"शाबास. आता वाक्य वाचून दाखवा."

मी पदर सावरला.

"वाचा. चार शब्द आहेत."

"किल्ड अ स्नेक," मी वाचलं.

"सुरुवातीपासून."

"ही किल्ड अ स्नेक."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "'ही' कुठे आहे इथे?" घरी हाच प्रश्न हसून विचारलेला होता, इथे हसू नव्हतं.

"अ स्नेक वॉज किल्ड," मी म्हटलं.

"बाय हूम?"

"बाय हिम."

"हिम म्हणजे कोण?"

"ज्यानं मारला तो, सर."

त्यांनी पुस्तक मिटलं. "बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला वाचता येत नाही. यजमानांनी उत्तरं घोकून घेतली आहेत आणि तुम्ही ती धडाधडा म्हणताय. कर्ता कोणता ते ठाऊक आहे, पण तो शब्द डोळ्यांनी ओळखता येत नाही. अशाने वर्गात कसं निभायचं?"

मला रडू आलं नाही. राग आला, तो इतका की कान तापले. सहा महिने वांग्याच्या काट्यांनी बोटं सोलून घेत जे शिकले, ते मला येत नाही म्हणून माझ्या तोंडावर सांगितलं जात होतं, आणि त्या एका शब्दाचं अक्षरन्‌अक्षर मला दिसत होतं. मी म्हटलं, "सर, मला वाचता येतं. ते नाव माझ्याच्यानं घेववत नाही."

त्यांनी चष्मा काढला. माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. मग त्यांना कळलं.

"असं आहे होय," ते हळू म्हणाले. "माझ्या घरीही मला नावाने कोणी हाक मारत नाही. मला कळतं. पण बाई, हे पुस्तक वर्षभर चालायचं आहे. दर पानावर हा गृहस्थ आहे. दर वेळी वर्ग थांबवून मी सगळ्यांना कारण सांगत बसू? उद्या इन्स्पेक्टर येतील, तुम्हाला उभं करतील, तुम्ही गप्प राहाल, आणि ते लिहून जातील की मुलींना वाचता येत नाही. मग ज्या दोघी बसतात त्यांचंही अवघड होईल. तुम्ही वाचलंत तर मी आत्ता वर्गात बसवतो. नाही वाचलंत तर माझा इलाज नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून तर अडचण होती. उखाणा घेऊ का असंही एकदा मनात आलं, पण टेबलावर हळदीकुंकवाचं ताट नव्हतं आणि समोर सवाष्णी नव्हत्या.

मी खिडकीकडे बघितलं. पटका जागचा हलला नव्हता. मामाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण हेडमास्तर मराठीत बोलले होते आणि बोलणं त्यांच्यापासून दोन हातांवर चाललं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता मी ते नाव घेतलं असतं तर ते ज्याला आपली दोन पोरं मातीत ठेवावी लागली त्याच्या कानांवर पडणार होतं. नाही घेतलं तर घरी जाऊन वांगी तोडायची, आयुष्यभर, आणि इंग्रजीचं नाव काढायचं नाही. शिवाय भीती होतीच. मी धड शिकलेली नव्हते, धड अडाणी नव्हते, आणि त्या अधल्यामधल्या जागी माणसाला भीती सगळ्यात जास्त वाटते. यमाच्या कारकुनाची गंमत आंब्याखाली ठीक होती. इथे मला ती गंमत वाटेना.

बाहेर मामाजी खाकरले. पटका वर सरकला, म्हणजे ते उठले. मला वाटलं आत येतील आणि म्हणतील, चाल घरी. पण पायताणाची करकर लांब गेली. मी पाहिलं तर ते पटांगण ओलांडून लिंबाखाली पोचले होते. बंडीखाली टांगलेली बादली त्यांनी सोडली, शाळेच्या रांजणातून भरून आणली आणि बैलांपुढे ठेवली. मग आमच्याकडे पूर्ण पाठ करून उभे राहिले.

बैलांनी बादलीत तोंड घातलं नाही. एकाने तर मान फिरवली. सकाळी हौदावर पोट फुटेस्तोवर प्यायलेले बैल, त्यांना तहान कुठली?

आणि मामाजी बोलायला लागले. मी त्यांना तेवढ्या मोठ्याने बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "पे रे बापा, पे! काहून पेत नाही? अरे पानी हाये, पे! हो, हो, हो!" बादलीची कडी ते उगाच वाजवत होते. वर्गातली पोरं खिडक्यांतून बघायला लागली. हेडमास्तरही बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, खेडवळ म्हातारा आहे.

मला मात्र कळलं. ते मला जागा करून देत होते.

मी पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि वाक्य वाचलं. पहिल्या शब्दापासून, चारही शब्द. ते नाव निघालं तेव्हा मला नवल वाटलं. दोनच अक्षरं. तोंड उघडायचं आणि मिटायचं, संपलं. एवढ्याशा शब्दाभोवती आम्ही घरभर किती जपून चालत होतो!

"पुन्हा एकदा," हेडमास्तर म्हणाले. पुन्हा वाचलं. बाहेर बादली अजून वाजत होती.

परतताना मामाजी बंडीत पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागे न बघता विचारलं, "घेतलं का शाळेनं?"

"घेतलं."

"हं," ते म्हणाले. बैलाच्या शेपटीला हात लावला आणि घरापर्यंत बंडी हाकत राहिले. हे संध्याकाळी सायकलवरून येताना दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला होता, हे मी आज कबूल करते. सायकलची घंटी वाजली, ते धड हातापायांनी उतरले, आणि मी आत जाऊन पाणी प्यायले.

आत्याबाई बाजारातून आल्यापासून ह्यांची वाट बघत होत्या. ह्यांनी टोपी खुंटीला अडकवली न अडकवली तोच त्यांनी मला विचारलं, "काय इचारलं वो मास्तरनं?"

"साप कोनं मारला ते इचारलं," मी म्हटलं.

"मंग? तू काय सांगतलं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ते वाक्य पाठ होतं. मी खाली बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं.

ओसरीवरून मामाजी म्हणाले, "मले काही आयकू नाही आलं. मी बैलाले पानी दाखवून राह्यलो होतो."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. सकाळी बैल हौदावर प्यायले ते त्यांनीही पाहिलं होतं. मग त्या उठल्या, आतून गुळाचा खडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. पुन्हा कधी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर हे हळूच म्हणाले, "आता भाषांतर कर. मले काही आयकू नाही आलं."

मी म्हटलं, "आय डिड नॉट हिअर."

"बरोबर."

बरोबर नव्हतं. तेव्हाही मला ते लागलं आणि पुढे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवताना दर वर्षी ते वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हाही लागलं. मुलींना मी तेच भाषांतर शिकवलं, दुसरं नाहीच. पण इंग्रजीत ऐकणारा कर्ता असतो. आय डिड नॉट हिअर म्हटलं की त्याला उभं करून विचारता येतं, तू ऐकलंस की नाही, खरं सांग. तिथे मामाजी खोटे ठरतात. आमच्या बोलीत ऐकू येतं किंवा येत नाही, आणि मामाजी त्या दिवशी ते नाव यायच्या वाटेतून पटांगण ओलांडून, बादली घेऊन, बाजूला झाले होते. त्यांना आयकू नाही आलं. ते खरं बोलले.